चालेलशेठचं मागचं टेबल

"तू फक्त एवढं सांग, हे परत सुरू होईल ना?"

नवऱ्याने हा प्रश्न टाकला तेव्हा तिने खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नव्हती. ती चष्म्याच्या दुकानातून आली होती. जवळचं दिसायचा नवा चष्मा नाकावर होता, आणि त्या चष्म्यातून पहिली गोष्ट दिसली ती तिच्याच टेबलावर उघडं पडलेलं दातवाल्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट. आतले पंखे गरगर फिरत होते, बोर्डावरचे दिवे लागले होते आणि पडदा मात्र काळा ठिक्कर होता.

"काय केलंत?"

"काही नाही गं. तयार करून ठेवत होतो."

"काय तयार करून ठेवत होतात?"

"बोर्ड."

तिला कळायचं ते कळलं. तरी तिने विचारलं, "नवा बायोस टाकलात?"

"शंभर टक्क्यांपर्यंत अगदी व्यवस्थित गेला," नवरा म्हणाला. पोरगं सगळ्या विषयांत पास झालं असं सांगावं तशा सुरात. "मग आपलं आपणच बंद झालं, परत चालू झालं, आणि तेव्हापासून हे असं."

तिने पिशवी खुंटीला लावली, खुर्ची ओढली आणि बसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण दुकान उघडं होतं. पुढे काउंटरवर कुणी उभं असलं तर मधल्या प्लायवुडच्या पार्टिशनमधून सगळं ऐकू जायचं. हा हिशेब तिला इतक्या वर्षांत पाठ झाला होता. संतापायचं झालं तरी हळू आवाजात.

झालं होतं ते असं. गेले काही महिने सगळा बाजार एकच प्रश्न विचारत होता. नवे प्रोसेसर येतायत ते आपल्या जुन्या बोर्डावर बसतील का? प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं आणि बोर्ड म्हणजे ते डोकं बसवायचं धड, एवढं सगळ्यांना माहीत असतं. डोकं बदलायचं आणि धड तेच ठेवायचं, कारण सगळंच बदलणं परवडत नाही. लोक फोन करत, येता-जाता दारातून मुंडकं आत घालत, हॉटेलात शेजारी बसून विचारत. नवरा सगळ्यांना एकच उत्तर देई. "चालेल." बोर्ड कुठला, किती जुना, काही न विचारता. यावरूनच त्याला सगळे चालेलशेठ म्हणत आणि त्याला ते आवडायचं. लोकांना तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर येई. दुकानात आलेला माणूस हिरमुसून परत गेला की त्याला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. तो वाईट माणूस नव्हता. तीच तर पंचाईत होती. वाईट असता तर तिला भांडायला सोपं गेलं असतं.

बोर्डाच्या कंपनीने आधी सांगितलं, जुन्या बोर्डावर नवे प्रोसेसर चालणार नाहीत. लोकांनी ओरडा केला. मग कंपनी म्हणाली, बरं, काही बोर्डांवर चालवून देतो. यादी आली. दातवाल्याचा बोर्ड यादीत होता. बोर्डाच्या पोटात एक छोटासा प्रोग्रॅम असतो, बायोस म्हणतात त्याला. कुठल्या प्रोसेसरला ओळख द्यायची आणि कुणाला नाही, ते तो ठरवतो. तो बायोस नवा टाकायचा, की नवा प्रोसेसर चालणार. फक्त यादीच्या खाली आणखी चार ओळी होत्या. या बोर्डांत जागा कमी आहे, त्यामुळे नव्यांची ओळख घालताना सगळ्यात जुन्यांची काढून टाकली आहे. नवा प्रोसेसर हातात आल्याशिवाय हा बायोस टाकू नये. टाकला की मागे फिरता येणार नाही.

दातवाल्याच्या मशीनमध्ये होता तो प्रोसेसर सगळ्यात जुन्यांतला. आणि नवा अजून बाजारात यायचा होता. पुढच्या महिन्यात येणार म्हणत होते.

सकाळी निघताना, चप्पल घालता घालता, ती त्याला म्हणाली होती, "त्या दातवाल्याच्या मशीनला मी येईपर्यंत हात लावू नका. त्याचे पंखे साफ केलेत, बाकी काही करायचं नाहीये."

तो म्हणाला होता, "चालेल."

"मी म्हटलं होतं ना हात लावू नका म्हणून?" ती आता म्हणाली.

"अगं, त्याचा फोन आला. म्हणाला, यादीत नाव आलंय, आता सगळी तयारी करून ठेवा, प्रोसेसर आला की लगेच बसवू. मी म्हटलं, चालेल. म्हटलं, तू थकतेस, एक काम तुझं कमी होईल."

"खालच्या ओळी वाचल्या नाहीत?"

"बारीक अक्षर होतं गं."

पाहुणा यायच्या आधीच त्याची खोली तयार ठेवायची म्हणून याने घरात राहत असलेल्या माणसाला बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. आणि पाहुणा तर महिनाभर येणार नव्हता.

"त्याला मशीन कधी हवंय?"

नवरा टेबलावरचा धुळीचा फडका घेऊन हात पुसू लागला.

"अहो, कधी हवंय?"

"निघालाय तो. येतोच म्हणाला."

दातवाला म्हणजे दात बसवणारा डॉक्टर नव्हे, दात घडवणारा. डॉक्टर लोक मापं पाठवत, हा कॉम्प्युटरवर दाताचा आकार काढी आणि त्याच्या घरच्या खोलीतलं यंत्र तो दात कोरून देई. दोन दवाखान्यांचं काम त्याच्याकडे होतं. मशीन बंद म्हणजे तिकडे माणसं दात काढून बसलेली. नवा प्रोसेसर त्याला हवा होता कारण त्याचा नवा प्रोग्रॅम जुन्यावर रडत रडत चालायचा. पण रडत का होईना, चालायचा. आज सकाळपर्यंत चालत होता.

तिने टेबलाच्या खणातून चिमटा काढला. बोर्डावरच्या चिपला वरून एक चिमटा लावून बाहेरून थेट जुना बायोस लिहिता येतो. कंपनी मागे फिरता येणार नाही म्हणते ते सरळ वाटेने. ही आडवाट होती. आडवाटेनेही कधी जमतं, कधी नाही. चिप नेमकी एका खाचेच्या कडेला दाबून बसवलेली होती आणि चिमट्याचा एक दात झिजला होता. तिने लावला, निसटला. पुन्हा लावला, अर्ध्यात निसटला. तिसऱ्यांदा श्वास रोखून धरून ठेवला तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली. नव्या चष्म्यातून अक्षरं मात्र सुरेख दिसत होती.

"जमतंय का?" खिडकीतून नवऱ्याने विचारलं. पार्टिशनला मशीन आत-बाहेर द्यायला एक खिडकी होती, तिच्यातून तो दर थोड्या वेळाने डोकं घालत होता.

"तुम्ही पुढे बसा."

"नाही, मी आपलं विचारलं."

"विचारू नका. पुढे बसा."

या टेबलावर ती पहिल्यांदा बसली ती दोन दिवसांपुरती. दुकान नवं होतं, ठेवलेला कारागीर न सांगता निघून गेला होता आणि नवऱ्याने चार जणांना शब्द देऊन ठेवले होते. ती तेव्हा घरी भरतकामाची ऑर्डर घ्यायची. हात स्थिर होता. नवरा म्हणाला, जरा दोन दिवस स्क्रू लावून दे, मग माणूस बघतो. माणूस काही मिळाला नाही. मिळायची गरजही उरली नाही. मुलगी याच टेबलाचा पाय धरून उभी राहायला शिकली, मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, आणि दोन दिवस काही संपले नाहीत. पुढे तो शब्द द्यायचा आणि मागे ती तो खरा करायची. गिऱ्हाइकांना ती चहा आणणारी वहिनी म्हणून माहीत होती. काम आवडलं की ते म्हणत, "शेठ, तुमचा आतला माणूस हुशार आहे." एकाने तर खूश होऊन आतल्या माणसाला म्हणून एक शर्ट पाठवला होता. नवरा हसत हसत आत घेऊन आला. तीही हसली होती. तो शर्ट नवऱ्याने पुढे कॉलर फाटेपर्यंत वापरला.

पुढे दातवाल्याचा आवाज आला.

"काय शेठ, झाली का तयारी? आज मला संध्याकाळच्या आत दोन दात पाठवायचेत. बाई शाळेत शिकवतात हो, पुढचे दोन नाहीत, उद्या वर्गावर कशा जातील?"

"या, या. बसा ना. पाणी घेता?"

"पाणी नको. मशीन द्या, निघतो."

चिमटा हातात तसाच धरून ती थांबली. आता तो काय सांगतो ते तिला ऐकायचं होतं. सांगायला अवघड काही नव्हतं. घाई केली, चूक झाली, थोडा वेळ द्या. तिला वाटलं, तेवढं तर तो बोलेलच.

"त्याचं काय झालंय," नवरा म्हणाला आणि त्याने आवाज खाली घेतला. प्लायवुडला आवाज खाली घेतलेला कळत नाही. "आत काम करताना जरा गडबड झाली. आमच्या हिच्याकडून. नवा बायोस टाकला आणि तो जुन्याला घेईना. डोळ्यांचा त्रास आहे हो तिला, आजच चष्मा आणलाय."

आत ती चिमट्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं त्याचे शब्द तिने अंगावर घेतले होते, ती धंद्याची रीत समजून. आज त्याने आपली चूक उचलून तिच्या अंगावर टाकली होती, आणि वर तिचा चष्मा साक्षीला काढला होता. तिला रडू आलं नाही. नुसता राग आला, इतका की कानशिलं गरम झाली.

"अरे देवा," दातवाला म्हणाला. मग त्याचा आवाज मऊ झाला. मोठ्या मनाने पार्टिशनच्या दिशेने तो म्हणाला, "असू दे वहिनी, असू दे. होतं. माणूस आहे. मनाला लावून घेऊ नका. फक्त आजच्यापुरतं काहीतरी करा म्हणजे झालं."

एखाद्याने शिवी दिली असती तर परवडलं असतं. न केलेल्या चुकीची माफी फार जड असते, ती परत करता येत नाही. तिने चिमटा खाली ठेवला. चिप ऐकत नव्हती, नवरा सुधारत नव्हता, आणि त्या शिक्षिकाबाईंना यातलं काही माहीत नसताना उद्या तोंडावर हात धरून वर्गात उभं राहावं लागणार होतं. तिने विचार केला तो फक्त या बाईंचा. बाकीच्यांचा विचार केला असता तर दुकानाचं शटर ओढून ती घरी गेली असती.

मग तिच्या डोक्यात आलं. नव्या बायोसने सगळ्यात जुन्यांना बाहेर काढलं होतं, मधल्यांना नाही. आणि मधला एक प्रोसेसर या दुकानात होता.

ती उठली, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे आली आणि काउंटरखालच्या कॉम्प्युटरची वायर काढली. नवऱ्याच्या समोरचा पडदा विझला.

"अगं, अगं! बिलं आहेत त्यात माझी."

"हाताने लिहा."

"फोननंबर आहेत सगळे."

"सगळे तुम्हाला पाठ आहेत. सगळ्यांना चालेल म्हणायला तर नंबरही लागत नाही."

दातवाला हसला. त्याला वाटलं, चेष्टा चाललीय. नवरा हसला नाही. तिने काउंटरवरच, सगळ्यांच्या देखत, कॅबिनेटची बाजू काढली. एरवी तिने असलं काम आत नेऊन केलं असतं. काउंटरचं मशीन सकाळपासून चालू होतं, पंखा आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट गरम होती, त्यामुळे पंखा जरा फिरवताच सुटला. तिने खटका उचलला आणि दोन बोटांनी प्रोसेसर अलगद वर घेतला.

दातवाल्याचा मात्र आत गार होऊन चिकटून बसला होता. तिथे जोर करून चालत नाही, ओढला तर पिनांसकट उपटून येतो. तिने केस वाळवायचं यंत्र लावून तो शेकला, पंखा हळूहळू डावी-उजवीकडे फिरवला, पुन्हा शेकला. बाहेर दोघे गप्पा मारायला लागले होते. नवरा नव्या प्रोसेसरबद्दल सांगत होता. किती वेगाने दात निघतील, कसं डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम होईल. मगाशी काही घडलंच नव्हतं असा त्याचा आवाज होता. या आवाजावर ती एकेकाळी भाळली होती हेही खरं.

नवी पेस्ट लावून तिने मधला प्रोसेसर दातवाल्याच्या बोर्डावर बसवला, पंखा आवळला आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. तिने बोट बटणाजवळच धरून ठेवलं, जणू मागे घेतलं तर पंखेही बंद पडतील. असे बायोस पहिल्या वेळी वेळ घेतात हे तिला माहीत होतं, पण माहीत असून उपयोग काय? मग पडद्यावर कंपनीचं नाव आलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून दात आवळून बसलोय.

तिने कॅबिनेट बंद केलं आणि खिडकीतून न देता स्वतः उचलून पुढे नेलं.

"आमच्या दुकानातला प्रोसेसर घातलाय," ती दातवाल्याला म्हणाली. "तुमचा नवा येईपर्यंत वापरा. तुमचा जुना या डबीत आहे, पण तो आता या बोर्डावर चालणार नाही. आणि नवा आला की घेण्याआधी मला विचारा. यांना नाही, मला."

"वहिनी, कमाल केलीत. चूक केली पण निस्तरलीत बरं."

"चूक मी केली नाही. मी चष्मा आणायला गेले होते तेव्हा झालं हे. मी या मशीनला हात लावला तो आत्ता, दुरुस्त करायला."

दातवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं. शेठ बिलबुकाच्या पानांमध्ये कार्बन सरळ करत होता. तेवढ्यात शेठने मान वर केली असती, नुसता हुंकार भरला असता, तरी पुरे होतं. दातवाल्याने आपल्या परीने अर्थ लावला आणि हसला.

"तुमचं नवरा-बायकोचं तुम्ही बघा बुवा. मला त्यात ओढू नका. आमच्याकडेही हेच असतं, कुणीच काही केलेलं नसतं." त्याने कॅबिनेट पोटाशी धरलं. "येतो शेठ. तुम्ही होतात म्हणून आजचा दिवस निभावला."

"छे, छे. त्यात काय," नवरा म्हणाला.

तो दाराबाहेर जाईपर्यंत ती थांबली.

"बिल माझ्या नावावर फाडलंत," ती म्हणाली.

"अगं, तसं नव्हतं. तू केलंस म्हटल्यावर तो चिडणार नाही हे मला माहीत होतं. माझ्यावर तो चिडला असता, त्याच्या ओळखीने येणारी दोन्ही दवाखान्यांची मशीनं दुसरीकडे गेली असती. दुकानाचाच विचार केला मी." तो खरंच तसं समजत होता. हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि त्यामुळे आणखीच वैताग आला.

"मग आता फोन करून खरं सांगा त्याला."

"आता कशाला? काम झालं ना त्याचं? उगाच विषय कशाला वाढवायचा."

तिला बोलायचं खूप होतं. त्या शर्टापासून सुरुवात करता आली असती. पण ती इतकी दमली होती की शब्दांची जुळवाजुळव करायचाच कंटाळा आला. ती आत जायला वळली तसा नवरा वाकला आणि काउंटरच्या मशीनची काढलेली बाजू उचलून लावायला लागला.

"राहू दे ते उघडं," ती म्हणाली.

"धूळ बसेल आत."

"बसू दे. लोक विचारतील काय झालं म्हणून. सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"काय झालं ते."

त्याने बाजू हातात तशीच धरून ठेवली. मग भिंतीला टेकवली. काउंटरवर ते मशीन पोट फाडल्यासारखं पडलं होतं, मधोमध प्रोसेसरची रिकामी चौकोनी जागा, बारीक बारीक भोकांची.

आत येऊन तिने दुसऱ्या कुणाचं तरी मशीन पुढे ओढलं, पण उघडलं नाही. थोड्या वेळाने पुढे एका बाईंचा आवाज आला. चार्जिंगची वायर हवी होती. नवऱ्याने वायर काढून दिली.

"आज तुमचंच मशीन उघडं पडलंय?" बाईंनी सहज विचारलं.

तिने हात लांब करून टेबलावरचा पंखा बंद केला.

"हो, जरा काम निघालंय त्याचं," नवरा म्हणाला.

तिने डोळे मिटले. याच्यापेक्षा वेगळं काही होईल असं तिला तरी का वाटलं होतं? पुढे गल्ला उघडल्याचा आवाज आला, सुट्टे पैसे मोजल्याचा, पिशवीची चेन ओढल्याचा. बाई निघाल्या असाव्यात, कारण त्यांच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला.

"माझ्या हातून झालं ते," नवरा म्हणाला. आता त्याला कुणी विचारलं नव्हतं. "बायकोने नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी हात लावला. तिने निस्तरलं."

"हो का," दारातून बाई म्हणाल्या, आणि त्यांना त्यात काही विशेष न वाटल्यामुळे निघून गेल्या.

हे ज्याला सांगायला हवं होतं तो दातवाला आता घरी पोचून कामाला बसला असणार, वहिनींच्या चुकीला मोठ्या मनाने माफ करून. ती थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली. नवरा आता खिडकीतून डोकं घालत नव्हता. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, पंखा चालू केला आणि समोरच्या मशीनचा पहिला स्क्रू काढला.